हाय, नाय आणि किती दिवस

ठोंबरेमामांशी माझं पहिलं बोलणं फोनवर झालं आणि त्यात आम्ही दोघांनी मिळून एकच शब्द चार वेळा उच्चारला. कारखान्यात रुजू होऊन मला दोन दिवस झाले होते. हेल्मेट हवं होतं, म्हणून स्टोअरचा नंबर फिरवून विचारलं, "हेल्मेट आहे का?"

"हाय," पलीकडून आवाज आला.

मला वाटलं, स्टोअरकीपर भलताच आधुनिक दिसतोय. मीही गोड आवाजात म्हटलं, "हाय."

मग लहान मुलाची समजूत घालावी तसं उत्तर आलं, "हाय, हाय."

मी पुन्हा एकदा "हाय" म्हणायला तोंड उघडलं, तोवर समोरच्या टेबलावरचे परचेसवाले हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे बाकी राहिले होते. "मॅडम, ते 'आहे' म्हणतायत," त्यांनी सांगितलं. डोंबिवलीत वाढून, पर्यावरण व्यवस्थापनाची पदवी घेऊन, मी खालापूर तालुक्यात अशी दाखल झाले.

तिथल्या शिळफाट्यापासून (डोंबिवलीजवळचा तो वेगळा) थोडं पुढे जाऊन आत वळलं की आमचा कारखाना लागतो. औषधांच्या बाटल्यांची बुचं करतो आम्ही. मागे डोंगर, पुढे एक वाडी आणि वाडीची भातखाचरं. कारखान्याचं जोतं भरत होते तेव्हापासून ठोंबरेमामा तिथे होते. गाव कोंडाणे. रोज सकाळी सायकलने कर्जतपर्यंत यायचे आणि तिथून कंपनीच्या बसने. मी कर्जतला खोली घेतली होती, त्यामुळे बस एकच. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि ड्रायव्हरला रोज एकच प्रश्न विचारत, "स्टेपनी हाय का रं?" तो रोज हाय म्हणे. तरीही ते मागे जाऊन बघून येत.

अंगकाठी बारीक, अर्ध्या बाह्यांचा फिका शर्ट, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. उजव्या कानावर निळी आणि डाव्या कानावर लाल. निळी म्हणजे हाय, लाल म्हणजे नाय. कपाटाच्या किल्ल्या पायजम्याच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेल्या. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी असे. 'हे झाकण त्या डब्याचं हाय.' 'हा डबा त्या झाकणाचा हाय.' एका रिकाम्या फळीवर लिहिलेलं होतं, 'हितं काय नाय, शोधू नये.'

त्यांचा नियम म्हणजे जुना द्या, नवा न्या. जुना बोल्ट दाखवल्याशिवाय नवा बोल्ट मिळत नसे. हा नियम प्लांट मॅनेजरांनाही होता. मी पहिल्याच आठवड्यात पेन मागायला गेले तर म्हणाले, "जुना कुठं हाय?" मी म्हटलं, मी नवीनच आहे, माझा जुना कुठून येणार? ते बराच वेळ विचारात पडले. शेवटी माझं स्वतःचं, घरून आणलेलं, चांगलं चालणारं पेन त्यांनी जमा करून घेतलं आणि मला कंपनीचं दिलं. ते कंपनीचं पेन दुपारपर्यंत चाललं.

सगळ्या जगाशी ते रं आणि गं लावून बोलत. ड्रायव्हरला रं, प्लांट मॅनेजरांच्या पाठीमागे त्यांनाही रं. फोर्कलिफ्टला गं. "चल गं बाय, वाईच दम धर," असं म्हणून ते तिला मागे घेत. वजनकाट्याला, फाटकातल्या कुत्रीला, गळक्या नळाला, सगळ्यांना गं. मला मात्र मॅडम. या गोष्टीचं मला वाईट वाटायचं हे कबूल करते. त्या कारखान्यात फोर्कलिफ्टशी त्यांची जास्त जवळीक होती.

आणि तिसरा त्यांचा शब्द म्हणजे 'किती दिवस'. वस्तू आहे एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. "हाय ते ठीक. पन किती दिवस?" संपल्यावर कळून काही उपयोग नाही, संपायच्या आधी कळलं तर ते स्टोअर, नाहीतर नुसतं गोदाम, अशी त्यांची व्याख्या होती. मामी एकदा मला सांगत होत्या, "लगीन झाल्यावर माथेरानला नेलं मला. घोडा बघितला, पॉइंट बघितले. आनि हाटेलवाल्याला ह्ये विचारत बसले, पानी वर येतं कसं, आनि बंद पडलं तर किती दिवस. हाटेलवाला घाबरला. त्याला वाटलं सरकारी मानूस हाय." मामा शेजारी बसून शेंगा सोलत होते. "मंग? दोनच दिवसांचं होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांनंतरही त्यांना त्या हॉटेलची काळजी होती.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दरवर्षी कंपनीचा एक सस्टेनेबिलिटी रिपोर्ट निघे, म्हणजे पर्यावरणासाठी कंपनी काय करते त्याचा अहवाल. मुखपृष्ठावर हिरवं पान, आत झाडं लावणाऱ्या साहेबांचे फोटो. तो तयार करायला मला घेतलं होतं. दुसरीकडे मुंबईच्या मुख्य कचेरीत सबनीस साहेब होते. त्यांच्याकडे रिस्क रजिस्टर. कंपनीला कशाकशाचा धोका आहे त्याची यादी, आणि प्रत्येक धोक्याला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. हा रिपोर्ट आणि हे रजिस्टर एका घरात अबोला धरून राहणाऱ्या जावांसारखे होते. त्या वर्षी वरून हुकूम आला की दोघांना एकत्र बसवा. रिपोर्टसाठी जे जे महत्त्वाचं ठरेल, ते तपासून रजिस्टरमध्ये चढलं पाहिजे. त्याची पहिली पायरी म्हणजे मटेरियलिटी असेसमेंट, म्हणजे आपल्यासाठी खरोखर महत्त्वाचं काय, ते ठरवणं.

मी सगळ्या खात्यांना मेल टाकला. उत्तरं आली ती वाचून मला आपणच शाळेतले निबंध तपासतोय असं वाटलं. 'पर्यावरणाचे रक्षण हे आपले आद्य कर्तव्य आहे.' 'पाणी हेच जीवन.' एकाने तर सूर्योदयाचा फोटो जोडला होता.

ठोंबरेमामांनी मेलला उत्तर दिलं नाही. ते स्वतः आले. हातात जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेले, पिनेने टाचलेले चार कागद. वर मथळा, 'मटेरियल. ज्याच्याबिगर काम थांबतं ते.' त्यांनी मेलमधला पहिला शब्द वाचला होता आणि स्टोअरकीपरने जे करायचं ते केलं होतं, मटेरियलची यादी आणली होती.

मला हसू आवरेना. पण यादी वाचत गेले तसं हसू ओसरत गेलं. पहिल्या ओळी अपेक्षित होत्या. प्लास्टिकचा दाणा, बारा दिवस. रंग, वीस दिवस. डिझेल, तीन दिवस. मग, पाणी, टाकी भरलेली असली तर दोन दिवस. फाट्यापासून गेटपर्यंतचा रस्ता, अर्धा दिवस. वाडीतली कामाला येणारी माणसं, एक दिवस. वाडीची मर्जी, बिघडली तर चार दिवस. आणि शेवटची ओळ, लाल पेन्सिलीने, 'ओढ्याची मोरी. पावसात एक तास.'

"मामा, हे सगळं मटेरियल?" मी विचारलं.

"मंग? तुमीच म्हनलात मटेरियल. दाना नसला तर मशीन थांबतं. पानी नसलं तरी थांबतं. थांबायचं कारन गोनीत होतं का नळात, ते मशीनला काय म्हाईत?"

कॉलेजात मला जे चार पुस्तकांतून समजलं नव्हतं ते या माणसाने चुकीचा शब्द वाचून बरोबर लिहून आणलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. मोरी तेवढी मोट्या साहेबांच्या वहीत चढवा. एप्रिल संपला का मी रिटायर."

त्यांना हवं होतं ते एवढंच. पुढचे तीन महिने त्यांनी मला भेटेल तिथे हेच विचारलं. मोरी चढली का?

डोंगरातून येणारा ओढा आमच्या आवाराच्या खालून जातो. त्यासाठी जमिनीखाली पाइपांची एक लांब मोरी आहे. वरचं तोंड डोंगराकडे, खालचं तोंड वाडीच्या खाचरांकडे. ती तुंबली तर पाणी वळून आधी स्टोअरमध्ये शिरणार आणि मग भिंतीला वळसा घालून वाडीच्या भातात. मी ती ओळ सबनीस साहेबांना पाठवली. त्यांचा फोन आला. "मोरी? न्हाणीघरातली मोरी कंपनीचा धोका कशी होईल?" मी समजावलं. ते म्हणाले, "पुराचा धोका आपल्याकडे हिरवा आहे. या कारखान्यात आजवर पाणी शिरल्याची एकही नोंद नाही."

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "शिरलं नाय म्हून नाय लिवलं. का शिरलं नाय ते इचारलं का कुनी?"

मार्चमध्ये सबनीस साहेब स्वतः आले. पांढरे बूट घालून आले. मामांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट मोरीच्या खालच्या तोंडाशी नेलं. मला वरच्या तोंडाशी उभं केलं. "मॅडम, मी वरडलो का आइका. आनि काय आइकलं ते सांगा."

खालून मामा ओरडले. मला नुसतं घूं ऐकू आलं. मी खाली येऊन तसं सांगितलं.

"बघा साहेब," मामा म्हणाले, "मी 'हाय का' म्हनलो. मॅडमला घूं गेलं. म्हंजे आत गाळ हाय. आमच्या कोंडाण्याच्या लेन्यांत लहानपनी वरडायचो, आवाज परत यायचा, मजा यायची. हितं परत आला तर मजा नाय. हितं पार गेला पायजे. आवाज पार झाला का पानी पार होतं."

"आणि हे साफ कोण करतं?" सबनीस साहेबांनी विचारलं.

"मी."

"कुणाच्या आदेशाने?"

"माज्या."

मग कळलं ते असं. दर मे महिन्यात मामा वाडीतल्या दहा-बारा जणांना घेऊन मोरी साफ करत. गाळ वाडीने आपल्या खाचरात न्यायचा, चहा-भजी मामांनी घरून करून आणायची. कंपनीला पत्ताही नसे. रविवारी करत, कारण रविवारी फोर्कलिफ्ट मोकळी असे. एकाच वर्षी, अगदी सुरुवातीच्या, मोरी साफ झाली नव्हती. पाणी वळलं. स्टोअरच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं आणि सगळं वाडीत गेलं. लावणीला तयार असलेली रोपं एका दुपारीत वाहून गेली. कंपनी कोरडी राहिली, म्हणून कंपनीत नोंद नाही. पुढचे चार दिवस वाडीतलं एकही माणूस कामाला आलं नाही. मशीनं बंद.

सबनीस साहेबांनी जागेवरच प्लांट मॅनेजरांना फोन लावून जुनं हजेरीचं रजिस्टर मागवलं. त्या चार दिवसांपुढे नोंद होती, 'स्थानिक सण.'

"रेकॉर्डमदी पूर नाय," मामा शांतपणे म्हणाले. "सन हाय."

सबनीस साहेबांचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पांढरे बूट काढले, मोरीच्या कठड्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला. आपण वाडीचं नुकसान केलं, ते नुकसान चार दिवसांचं बंद काम होऊन गेटमधून आत आलं आणि आपण त्याला सण म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुराचा हिरवा रंग त्यांनी पुसला आणि लाल केला. मग म्हणाले, "मामा, ती तुमची यादी दाखवा." ते चार कागद त्यांनी दोनदा वाचले आणि रजिस्टरमध्ये एक नवा रकाना घातला. किती दिवस. कंपनीच्या सगळ्या कारखान्यांना तो आता भरावा लागतो. त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे, पण फोनवर सगळे 'ठोंबरे कॉलम' असंच म्हणतात.

नंतर सगळ्या खात्यांच्या लोकांना बोलावून आम्ही एकेक धोका घेऊन, तो सध्या टळतो कशामुळे, हे लिहायला बसलो. रस्ता खचला तर? ठोंबरे सरपंचांना सांगतात. टाकीचा पंप बिघडला तर? ठोंबऱ्यांकडे जुना पंप जपून ठेवलेला आहे. मोरी? ठोंबरे. वाडीची मर्जी? ठोंबरे. सात ओळींत सात वेळा एकच नाव आलं. सबनीस साहेबांनी चष्मा काढला. "आणि हे किती दिवस?"

मामांनी डाव्या कानावरची लाल पेन्सिल काढली. "एकेचाळीस," ते म्हणाले.

मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं. मामा मात्र खुशीत होते. कित्येक वर्षं जे त्यांना एकट्याला माहीत होतं ते आता वहीत होतं. "नाव खोडा माजं," त्यांनी सांगितलं. "रिटायर मानसाचं नाव ठेवू नये. नवा लिवा." सहा ओळींना सहा खात्यांतली माणसं सापडली. मोरीच्या ओळीपाशी सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात बघायला सुरुवात केली. तेव्हा तिथे माझं नाव पडलं. मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. मामांनी निळ्या पेन्सिलीने माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "जुना दिला, नवा घेतला."

त्यांच्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ होतं. प्लांट मॅनेजर वीस मिनिटं बोलले. मामा उभे राहिले, गळ्यातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "सगळं हाय. काय नाय ते लिवून ठेवलंय." एवढंच बोलून बसले. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात पूर्ण भाषण. जाताना त्यांनी मला एक डबी दिली. वर चिठ्ठी होती, 'मॅडमचा पेन हाय.' आत माझं पहिल्या आठवड्यातलं पेन होतं. ते अजून चालत होतं.

मेच्या तिसऱ्या रविवारी मी मोरी साफ करायला उतरले. वाडीतल्या बायका-माणसं आली. मुंबईहून सबनीस साहेब आले, या खेपेला गमबूट घालून. सहा खात्यांतले सहाही जण आले. मी भजी केली होती, आणि ती कशी झाली होती याबद्दल वाडीतल्या बायका माझ्यासमोर काही बोलल्या नाहीत. आम्ही घमेल्यांनी गाळ काढला, फोर्कलिफ्टने ओढला, वाडीने ट्रॅक्टरमध्ये भरला. दुपार उलटली तरी संपेना. सगळ्यांना चहा हवा होता. पण मामांच्या काळात आवाज पार झाल्याशिवाय चहा मिळत नसे, म्हणून मी किटलीवर झाकण ठेवून कुणाला हात लावू देत नव्हते.

मामांना मी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर ते उतरले असते, आणि मग ती पुन्हा त्यांचीच मोरी झाली असती. शिवाय मला भीतीही वाटत होती. त्यांनी बघावं आणि नाय म्हणावं, हे मला सोसलं नसतं.

शेवटचं घमेलं वर गेलं. मी गुडघ्यापर्यंत चिखलात, खालच्या तोंडाशी वाकून आत बघत होते. आता वर कुणाला तरी उभं करायचं म्हणून हाक मारणार, एवढ्यात वरच्या तोंडाच्या गोल उजेडात दोन पाय येऊन उभे राहिले. रबरी चपला, वर दुमडलेला पायजमा, शेजारी टेकलेली छत्री. बाकीचा माणूस दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. पाय जरा मागे झाले, वाकल्यासारखे झाले, आणि मोरीतून आवाज आला. घूं नाही. प्रत्येक अक्षर सुटं, शेजारी बसून बोलावं तसं.

"हाय का गं?"

मी ते गं दोनदा ऐकलं. एकदा मोरीतून आणि एकदा माझ्या मनात. मागे चिखलाने माखलेली वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत उभी होती. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि डोंबिवलीचा सगळा अभ्यास बाजूला ठेवून जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडले.

"हाय!"

पाय जागच्या जागी होते. मग तोच आवाज, जरा हळू, पण तरी स्वच्छ पार आला.

"मंग दे त्यांना च्या."

छत्री उचलली गेली, रबरी चपला वळल्या आणि डोंगराच्या बाजूने निघून गेल्या. मी किटलीवरचं झाकण काढलं.